तीन चर्च, तीन ब्लँकेटं आणि एक आजी

प्रश्न: नमस्कार ताई, आमच्या भागात तीन चर्च आहेत, एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट आणि एक पेंटेकॉस्टल. तिन्हीकडचे लोक आजारी आणि एकट्या राहणाऱ्यांना भेटायला जातात पण कुणाचा कुणाला पत्ता नसतो. मागच्या थंडीत एका आजींकडे एकाच आठवड्यात तीन ब्लँकेटं पोचली आणि मागच्या गल्लीतल्या काकांकडे कुणी फिरकलंच नाही. मी युथ ग्रुपमध्ये म्हटलं एकत्र करूया ना, तर उत्तर मिळालं की आधी मोठ्यांनी बसून मतभेद मिटवू देत मग बघू. खरंच आधी ते व्हायला लागतं का?

उत्तर: नाही लागत हो दादा. मतभेद मिटायची वाट बघायची म्हटलं तर हिशोब करून बघा, माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो यावरून प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरच्या काळात म्हणजे 1517 नंतर जो वाद पेटला त्यावर कॅथलिक आणि लुथरन, म्हणजे लूथरच्या मार्गाने जाणाऱ्या, चर्चनी एकत्र निवेदनावर सही केली 1999 मध्ये. चांगलंच झालं, पण मधे जवळजवळ पाचशे वर्षं गेली, आणि त्या काकांना थंडी याच वर्षी वाजतेय.

तुमच्या युथ ग्रुपला एक गोष्ट सांगा. 1952 मध्ये स्वीडनमधल्या लुंड गावात वेगवेगळ्या चर्चचे प्रतिनिधी जमले होते, विषय श्रद्धेतले मतभेदच. तिथे त्यांनी चर्चना एक साधा प्रश्न टाकला, की जिथे खोल श्रद्धेमुळे वेगळं राहणं भागच आहे तेवढं सोडून बाकी सगळं आपण एकत्र का करू नये? म्हणजे बघा, आपण नेमकं उलटं करतो, सगळं वेगवेगळं करायचं आणि एकत्र यायला मात्र कारण शोधायचं. प्रभुभोजन, मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, बाप्तिस्मा कधी आणि कसा, हे प्रश्न खरे आहेत आणि ते भेटी देताना सोडवायची काहीच गरज नाही. ब्लँकेट पोचवायला कुठली खोल श्रद्धा आड येते मला कुणी सांगा.

पण एक सावध करते. त्याच स्वीडनमध्ये, स्टॉकहोमला, 1925 साली आर्चबिशप नाथान सॉडरब्लोम यांनी चर्चनी मिळून समाजाची सेवा करावी या चळवळीची मोठी परिषद भरवली होती, प्रोटेस्टंट आले, ऑर्थोडॉक्स आले, कॅथलिक चर्च नव्हतं आलं. त्या चळवळीचं ब्रीदच होतं की शिकवण वेगळं करते, सेवा जोडते. सॉडरब्लोमना 1930 मध्ये शांततेचं नोबेल मिळालं, माणूस मोठाच, पण हे ब्रीद मला अर्धंच पटतं कारण सेवेतही लोक भांडतात, आणि कशावरून भांडतील याचा नेम नाही. मी स्वतः एका जॉइंट कार्यक्रमाच्या मीटिंगला बसले होते, दोन तास गेले, अजेंड्यावरचा एकच मुद्दा झाला, बॅनरवर कुठल्या चर्चचं नाव आधी. कुणी म्हणालं जुनं आधी, कुणी म्हणालं जास्त पैसे देणारं आधी, शेवटी नावं गोलात लिहायची आयडिया आली आणि मग गोलात वर कोण यावर परत सुरू!! ज्यांच्यासाठी कार्यक्रम होता त्यांचं नाव त्या दिवशी कुणाच्या तोंडून मी ऐकलं नाही.

म्हणून माझं म्हणणं, बॅनर करूच नका. ऐक्याची मीटिंगही नको. तिन्ही चर्चमधून खरोखर भेटी देणारी दोन दोन माणसं बोलवा, पदाधिकारी नकोत, पायाने चालणारी माणसं हवीत, आणि एक वही ठेवा. घर कुठलं, कोण गेलं, कधी गेलं, काय लागतं. आजाराचे आणि घरचे तपशील वहीतही नको आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नको, लोक विश्वासाने सांगतात आपल्याला. पहिल्याच दिवशी वही उघडली की आजींच्या नावापुढे तीन टिक आणि काकांपुढे कोरी जागा दिसेल, त्या कोऱ्या जागेवर कुणाला भाषण द्यावं लागत नाही. पैसे आले तर ते सांभाळायला एकाच चर्चचे दोघं नकोत, वेगवेगळ्या चर्चचे असू देत, आणि हिशोब तिन्हीकडे वाचून दाखवा. लहान मुलांबरोबर काही करणार असाल तर एकटा मोठा माणूस मुलांबरोबर कधीच नाही, हा नियम तिघांसाठी एकच, आमच्याकडे चालतं हे उत्तर ऐकून घ्यायचं नाही.

प्रश्न: आमचे पाळक म्हणतात, एकत्र काम केलं की आपले तरुण दुसऱ्या चर्चमध्ये जातील. त्यांना काय सांगू?

उत्तर: भीती खोटी नाही, असं कधीकधी होतंही, त्यामुळे त्यांना हसू नका. पण स्ट्रीट पास्टर्सचं उदाहरण द्या. 2003 मध्ये लंडनला सुरू झालेलं काम, वेगवेगळ्या चर्चचे व्हॉलंटिअर वीकेंडला रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर फिरतात, प्यायलेल्या, घाबरलेल्या, हरवलेल्या लोकांना मदत करतात. त्यांच्या बॅगेत पाण्याच्या बाटल्या असतात आणि चक्क रबरी चपला, कारण रात्री उंच टाचांचे बूट हातात घेऊन अनवाणी चालणाऱ्या मुलींच्या पायात काचा जातात. जॅकेट सगळ्यांचं एकच, त्यावर कुणाच्या चर्चचं नाव नाही, आणि रविवारी ज्याचा तो आपापल्या उपासनेला. पाळकांना म्हणा एकदा स्वतःच चला आमच्याबरोबर. घरी बसून जेवढी भीती वाटते तेवढी रस्त्यावर वाटत नाही हो.

प्रश्न: मदत करताना येशूबद्दल बोलायचं की नाही? आमच्यात यावरूनच दोन गट पडलेत.

उत्तर: हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच बोलून घ्या, नंतर फार महाग पडतो. कुणी विचारलं तुम्ही हे का करता तर खरं उत्तर द्या, लपवायचं कशाला. पण मदतीला अट नको, आधी प्रार्थना मग औषध असं नको, पत्रक हातात कोंबणं नको. हे माझं एकटीचं मत नाही, आपत्तीत मदत करणाऱ्यांसाठी 1994 मध्ये जी आचारसंहिता आली तिच्यात स्पष्ट आहे की मदत धार्मिक किंवा राजकीय भूमिका पुढे रेटायला वापरायची नाही, आणि ती पुढे आणणाऱ्यांत रेडक्रॉसबरोबर कॅथलिकांची मदतसंस्था कारितास होती, लुथरन चर्चचा जागतिक संघ लुथरन वर्ल्ड फेडरेशन होतं, आणि अनेक चर्चची मिळून असलेली वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसही होती. म्हणजे यावर तरी कॅथलिक प्रोटेस्टंट एका कागदावर आले. तुमच्या दोन गटांना हे वाचायला द्या, आणि शेजारी दुसऱ्या धर्माचा असेल किंवा कुठलाच धर्म मानत नसेल तरी त्याचं नाव वहीत तसंच येईल हे ठरवून टाका.

आणि पहिल्या पत्रवाल्या दादांना एक राहिलं. आजींना जाऊन विचारा, जास्तीची दोन ब्लँकेटं देतील का. त्यातलं एक काकांकडे त्यांच्याच हातून जाऊ दे, मागची गल्ली तर आहे.