माध्यमिक शाळेतल्या विज्ञान शिक्षकाने स्वतः वाढत राहायचं, तर काय करावं?

तुम्ही विचारलंय : ‘आठ वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवतोय. सांगितलेली सगळी प्रशिक्षणं केली, प्रमाणपत्रांची फाईल भरली, पण वर्गात फारसा फरक पडलेला दिसत नाही. विज्ञान शिक्षक म्हणून पुढे जायचं तर नेमकं काय करू?’

मी रसायनशास्त्रात बी.एस्सी., बी.एड. पाचगणीच्या बाजूला, डोंगरावरच्या एका गावातल्या शाळेत 22 वर्षं विज्ञान शिकवते आहे. फाईल माझीही जाड आहे. पण माझं शिकवणं बदललं ते एका आकड्यामुळे. तो आकडा 96.

दहावीच्या ‘उष्णता’ पाठात बर्फ तापवायचा, दर मिनिटाला तापमान टिपायचं आणि आलेख काढायचा, ही कृती तुम्हीही घेत असाल. बर्फ वितळेपर्यंत पारा शून्यावर, पाणी उकळताना 100 वर, दोन्ही ठिकाणी आलेख आडवा, तिथून अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न वाढता अवस्था बदलण्यात खर्च होणारी उष्णता. आमच्या प्रयोगवह्यांत दरवर्षी 100 च यायचं. एका वर्षी एका मुलीने 96 लिहिलं. मी तांबड्या शाईने ते खोडलं आणि वर 100 लिहिलं. ती म्हणाली, “बाई, पण पारा तिथंच थांबला होता.” मी म्हटलं, “तापमापी जुनी झालीय.”

काही महिन्यांनी आसपासच्या शाळांतले आम्ही चार विज्ञान शिक्षक शनिवारी शाळा सुटल्यावर जमलो. कुणी बोलावलं नव्हतं, बोर्डाच्या प्रात्यक्षिकांची तयारी करायची होती एवढंच. तीच तापमापी वितळत्या बर्फात धरली तर बरोबर शून्य. उकळत्या पाण्यात धरली तर 96 च्या जरा खाली. पुढच्या शनिवारी ती घाटाखाली वाईला नेली, तिथे साडेसत्त्याण्णवच्या आसपास. तापमापी चांगली होती. आमचं गाव समुद्रसपाटीपासून साधारण 1300 मीटर उंच. दर 300 मीटरला पाण्याचा उत्कलनांक जवळजवळ 1 अंशाने उतरतो, म्हणजे आमच्याकडे एवढाच यायला हवा. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी लवकर उकळतं, हे मी स्वतः परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. आमच्याकडे उघड्या पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागतो, हेही रोज पाहत होते. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी भेटल्याच नव्हत्या. ती मुलगी तोवर दहावी होऊन गेली होती. तिच्या घरी गेले आणि तिचा आकडा बरोबर होता, हे तिला सांगून आले.

म्हणून माझं उत्तर असं : तुमच्यासारखेच तीन-चार शिक्षक शोधा, महिन्यातून एकदा भेटा आणि दर वेळी पाठ्यपुस्तकातला एकच प्रयोग स्वतःच्या हातांनी, विद्यार्थी होऊन करा. करून दाखवायचा नाही, करायचा. यात फार मोठा फरक आहे. व्याख्यान ऐकताना आपलं अज्ञान झाकलेलं राहतं. हातात वायर आली की ते उघडं पडतं, आणि चार समव्यवसायी माणसांसमोर ते उघडं पडायची भीती गेली, की तिथून पुढे खरं शिकणं सुरू होतं. आमच्या दुसऱ्या बैठकीत एक सेल, एक वायरचा तुकडा आणि टॉर्चचा बल्ब एवढ्यावर दिवा लावायचा होता. दोन वायर लागतातच असं ठामपणे म्हणणाऱ्यांत मीही होते. बल्बचं बूड सेलच्या एका टोकावर टेकवलं आणि वायर बल्बच्या धातूच्या कडेपासून सेलच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेली की झालं! (हल्ली बाजारात एलईडीच मिळतात. दीड व्होल्टच्या एका सेलवर लाल एलईडीही लागत नाही. दोन सेल घ्या, आणि पाय उलटे जोडले तर तो का पेटत नाही, हा पुढच्या बैठकीचा विषय होतो.)

ही कल्पना काही माझी नाही. मध्य प्रदेशात 1972 साली 16 शाळांपासून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि 2002 पर्यंत चालला. तो सहावी ते आठवीसाठी होता, पण शिक्षकांच्या बाबतीत त्यांनी जे केलं ते आपल्यालाही लागू पडतं. उन्हाळ्यात तीन आठवड्यांच्या शिबिरात शिक्षक मुलांचा प्रत्येक प्रयोग स्वतः करायचे, बरोबर विद्यापीठांतले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ बसायचे. मला त्याहून मोलाची वाटते ती वर्षभर दर महिन्याला होणारी शिक्षकांची गोष्ठी. वर्गात काय फसलं, मुलांनी काय विचारलं, याच्यावर तिथे बोलणं व्हायचं. शिबिरात पेटलेलं वर्षभर तेवत राहिलं ते त्या बैठकांमुळे, असं माझं मत आहे.

दुसरी सवय : मुलांच्या चुकलेल्या उत्तरांची वही. पेपर तपासताना काट मारून पुढे जाऊ नका. एखादं उत्तर पाचसहा जणांनी सारखंच चुकवलं असेल तर ते शब्दशः उतरवून घ्या. ‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते’ हे माझ्या वहीत अनेकदा आहे. मुलं मूर्ख नसतात, शेकोटीजवळ गेलं की ऊब लागते हा त्यांचा अनुभवच असतो. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, हे नुसतं सांगून भागत नाही. ‘मग तेव्हा आपल्याकडे थंडी का?’ हा प्रश्न त्यांनाच पडावा लागतो. कुठला प्रश्न कधी टाकायचा हे मला त्या वहीने शिकवलं, टाचणाने नाही.

आधाराला जागा आहेत. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 पासून याच कामात आहे. पुण्यात आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) शिक्षकांसाठी कार्यशाळा घेतं. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून करायचे प्रयोग आणि पुस्तकं फुकट आहेत, मराठीतही. प्रयोगशाळा अगदीच रिकामी असेल तर कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ ही संगणकावर करून पाहायची प्रयोगांची प्रतिरूपं मराठीत मिळतात, पण ती वायर हाताळून झाल्यावर दाखवा, तिच्याऐवजी नको.

शासनाची प्रशिक्षणं सोडू नका. 12 वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनी निवडश्रेणी मिळायला ती लागतातच, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासाला द्यावेत असंही म्हटलंय. फक्त जाताना वहीतला एक प्रश्न घेऊन जा आणि जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या ताटावरच्या शिक्षकाला तो विचारा. आमच्या गटातले दोघं मला असेच मिळाले.

मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा, प्रयोगशाळेची किल्ली लागते. पहिल्या बैठकीला उकळत्या पाण्याचं तापमानच घ्या. तापमापीचा फुगा भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका, आणि प्रत्येकाने आपला आकडा दुसऱ्याचा न बघता लिहावा. तुमचं गाव किती उंचीवर आहे आणि किती आकडा आला, ते इथे खाली लिहाल का? आमच्या मुलांच्या उंची आणि उत्कलनांकाच्या आलेखात मला तुमच्या गावाचा एक बिंदू मांडायचाय.