आधी खोडून बघ

प्रिय मुली,

तुझा मेल काल तीनदा वाचला. गाईड म्हणतात, कृष्णविवर सापडल्याचा पेपर पाठवून मोकळी हो. शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणतो, तू थांबलीस तर दुसरं कुणीतरी पाठवेल. आणि तू मला विचारतेस, "मॅडम, जे दिसतच नाही ते सापडलं, असं मी कुठल्या तोंडाने सांगू?" पहिल्या दोन वाक्यांना मी उत्तर दिलं नसतं. हे तिसरं वाचून मात्र राहवलं नाही.

सूर्य तीन किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात कोंबला तर त्यातून प्रकाशही सुटणार नाही, हे सगळं तुला पाठ आहे. ते मी उगाळत नाही. तुझी अडचण कृष्णविवराच्या व्याख्येची नाही, पुराव्याची आहे. त्यावर माझ्याकडे एकच गोष्ट आहे सांगण्यासारखी: आधी खोडून बघ. 'हे कृष्णविवर आहे' असं लिहिण्याआधी ते कृष्णविवर नाही असं ठरवण्याचा जीव तोडून प्रयत्न कर. खोडून खोडून जे उरेल तेवढंच तुझं.

अंधाऱ्या अंगणात दोघी फुगडी घालताहेत असं समज. एकीचं लुगडं पांढरं, दुसरीचं काळं. तुला फक्त पांढरी गिरकी दिसते. पण एकटी बाई तशी तिरकी, मागे रेलून फिरू शकत नाही. तिचे हात कुणीतरी धरलेत. ती किती वेगाने फिरते आणि एका फेरीला किती वेळ घेते हे मोजलंस की दुसरी केवढी आहे याचा हिशेब निघतो. तू तुझ्या ताऱ्याचं तेच केलंस. वर्णपटातल्या, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून मिळालेल्या पट्ट्यातल्या, रेषा तारा जवळ येताना निळ्याकडे, दूर जाताना तांबड्याकडे सरकताना पाहिल्यास, त्यावरून वेग काढलास आणि न दिसणाऱ्या जोडीदाराचं वस्तुमान निदान पाच सूर्यांइतकं आलं. 'निदान' हा शब्द तू लिहिलास याचा मला आनंद झाला. रेषा फक्त आपल्याकडे येण्याजाण्याचा वेग सांगतात. फुगडी ओसरीवरून पाहिली तर तो पुरा दिसतो, गच्चीवरून सरळ खाली पाहिली तर काहीच दिसत नाही. तू कुठे उभी आहेस हे तुला ठाऊक नाही.

आणि इथेच तू थांबलीस! पाच सूर्य म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्याच्या मर्यादेच्या वर, न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा घट्ट दाबला गेलेला गाभा, दोन-तीन सूर्यांपलीकडे तग धरत नाही, म्हणून कृष्णविवर. झालं? अगं, ही तर सुरुवात आहे. तुझ्या पाचाच्या आकड्यात आणखी एक आकडा दडलाय, दिसणाऱ्या ताऱ्याचं स्वतःचं वस्तुमान. ते तू कुठून आणलंस? रंग आणि तेज पाहून तक्त्यातून उचललंस. आता त्या तक्त्याने काय घोटाळा होतो ते ऐक.

२०२० साली एचआर ६८१९ नावाच्या ताऱ्याची बातमी जगभर गाजली. सुमारे हजार प्रकाशवर्षांवर, दक्षिण गोलार्धातून नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. पृथ्वीला सर्वांत जवळचं कृष्णविवर तिथे आहे, असं जाहीर झालं. वर्णपटात दोन तारे दिसत होते. एक ४० दिवसांत फेरी मारत होता, दुसरा, वायूची चकती असलेला, जवळजवळ स्थिर. पहिला नेहमीच्या तप्त ताऱ्यासारखा वजनदार धरला, तर त्याला फिरवणारं तिसरं, न दिसणारं कुणीतरी हवं आणि ते निदान चार सूर्यांचं हवं. हिशेबात चूक नव्हती. चूक होती 'नेहमीच्या' या शब्दात. त्या ताऱ्याचं बाहेरचं आवरण त्याच्या जोडीदारानेच ओढून घेतलं होतं. उरला होता आतला तापलेला गाभा, दिसायला दांडगा, वजनाने सूर्याच्या निम्म्याच्या आसपास. एवढ्या हलक्या ताऱ्याला फिरवायला तो चकतीवाला पुरतो, तिसऱ्याची गरजच नाही. २०२२ मध्ये चिलीतल्या दुर्बिणींनी ते दोघं अगदी जवळजवळ असल्याचं दाखवलं आणि कृष्णविवर खोडलं गेलं. ज्यांनी पहिला दावा केला होता त्या चमूचे प्रमुख या दुसऱ्या निबंधातही लेखक म्हणून आहेत. स्वतःचं विवर स्वतःच्या हाताने खोडायला ते गेले. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

त्याच वर्षी गाइया बीएच१ सापडलं. सूर्यासारखा साधा तारा, १८५ दिवसांची फेरी, न दिसणारा जोडीदार साडेनऊ सूर्यांच्या वर, अंतर सुमारे १५६० प्रकाशवर्षं. तिथे गाइया उपग्रहाने ताऱ्याचं आकाशातलं डुलणंच मोजलं होतं, म्हणून फुगडी कुठून पाहतोय हा प्रश्न सुटला. तरी शोधणाऱ्यांनी जमिनीवरच्या दुर्बिणींनी वेग पुन्हा मोजले. त्यांच्यातले काहीजण त्याआधीची दोन वर्षं इतरांची विवरं खोडण्यातच घालवत होते. म्हणून त्यांचं विवर टिकलं.

हंस तारकासमूहातला एक्स-१ घे. १९६४ च्या रॉकेटला तिथून क्ष-किरण येताना दिसले. ते विवरातून येत नाहीत, शेजारच्या निळ्या ताऱ्याचा वायू आत पडताना घासून तापतो, त्यातून येतात. त्यांचा लखलखाट सेकंदाच्या अंशात बदलतो, म्हणजे उगमाची जागा लहानशी. १९७१ च्या सुमारास त्या ताऱ्याची ५.६ दिवसांची फेरी दोन गटांनी वेगवेगळी मोजली. एवढं असूनही 'कृष्णविवर' हा शब्द लोक कितीतरी वर्षं दबकत वापरत होते. आकाशगंगेच्या मध्याचंही तसंच. जर्मन आणि अमेरिकन गट, दुर्बिणी वेगळ्या, एकमेकांचे प्रतिस्पर्धी. दोघांनी १९९० च्या दशकापासून तिथल्या ताऱ्यांचा पाठलाग केला. एक तारा १६ वर्षांत फेरी पूर्ण करतो आणि त्यावरून चाळीस लाख सूर्यांचं वस्तुमान निघतं. दोन्ही वह्यांत तोच आकडा आला. नोबेल मिळालं २०२० मध्ये.

तुझा मित्र म्हणेल, हे जुन्या लोकांचं संथ काम. मग लायगोच्या लोकांचं ऐक, विवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्यांचं. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांच्या यंत्रात सुंदर संकेत उमटला. शेकडो लोक सहा महिने राबले, निबंध लिहून तयार झाला. मार्च २०११ मध्ये, खरं काय ते लिहून बंद ठेवलेलं पाकीट उघडलं तेव्हा कळलं की तो संकेत त्यांच्याच मोजक्या लोकांनी मुद्दाम आत सोडला होता, बाकीचे नीट तपासतात का हे बघायला. कुणी कांगावा केला नाही. सगळ्यांनी हे आधीच मान्य केलेलं होतं. म्हणून १४ सप्टेंबर २०१५ ला खरा संकेत आला, ३६ आणि २९ सूर्यांची दोन विवरं एक झाल्याचा, तेव्हा पहिला प्रश्न हाच होता: हा कुणी सोडलाय का? पाच महिने तोंडं बंद ठेवून खोडत बसले, ११ फेब्रुवारी २०१६ ला बोलले. तुझ्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, त्याच जातीचं यंत्र उभं राहणार आहे. तिथे काम करायचं स्वप्न तू मला सांगितलंस. तिथे घाई करणारी माणसं नकोत.

आता माझं. एम.एस्सी.नंतरच्या पहिल्याच वर्षी एका क्ष-किरण उपग्रहाच्या डेटात मला ४८ मिनिटांचा ठोका सापडला. जाळीच्या कागदाच्या लांबलचक छापील घड्या मी सेमिनारच्या टेबलावर पसरल्या, दर उंचवट्यावर लाल पेन्सिलीची खूण. मागच्या बाकावरून एका वयस्कर सरांनी विचारलं, "उपग्रहाची पृथ्वीभोवती फेरी किती मिनिटांची?" शहाण्णव. बरोब्बर दुप्पट. तारा नव्हता ठोके देत, आमचं यंत्र घिरट्या घालत होतं. कुणी हसलं नाही. त्या घड्या गोळा करताना कागदाचा जो आवाज होत होता तो मला अजून ऐकू येतो.

मग मी उलट्या टोकाला गेले. चार वर्षांनी दुसऱ्या एका जोडताऱ्याची फेरी माझ्या हाती लागली, आणि मी ती चौदा महिने खोडत बसले. परदेशातल्या एका गटाने तीच छापली. आकडा माझ्याशी दुसऱ्या दशांशापर्यंत जुळत होता. मला हव्या त्या संस्थेत कायमची जागा मिळाली नाही, मी कॉलेजात शिकवायला लागले. घरचे आजही म्हणतात, पाठवून दिलं असतंस तर. मी त्यांना सांगते की पुन्हा वेळ आली तरी मी खोडूनच पाहीन. आणि पाहीनच! माझा आकडा बरोबर होता आणि तो बरोबर आहे हे मला ठाऊक होतं. हे माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकलेलं नाही.

पण तुला खोटं सांगायचं नाही. त्या चौदांपैकी खरं तपासणं सात-आठ महिन्यांतच संपलं होतं. उरलेले महिने मी भीत होते आणि भीतीला तपासणी म्हणत होते. शंकांची यादी मी कधी कागदावर लिहिली नाही, म्हणून ती संपलीही नाही. तू आज रात्री लिही. हा तारा ओरबाडलेला असेल का? रेषांत दुसऱ्या ताऱ्याचा मंद प्रकाश मिसळलाय का? जोडीदार एक नसून दोन साधे तारे असतील का? प्रत्येकापुढे लिही, कुठल्या मोजमापाने हे खोडलं जाईल. शेवटची ओळ खोडलीस की त्याच रात्री पेपर पाठव, मला विचारायलाही थांबू नकोस. आणि एकही ओळ खोडायची राहिली असेल, तर गाईड काही म्हणोत, पाठवू नकोस. त्यांना हे पत्र दाखवलंस तरी चालेल.

एक शंका माझ्याकडूनही घे, ती मला काल झोपू देत नव्हती. तुझी फेरी साडेएकोणतीस दिवसांची आली आहे आणि वर्णपट आहेत जेमतेम तेरा. अंधाऱ्या रात्री अंधुक वस्तू पाहणाऱ्यांना देतात, अशा तेजस्वी ताऱ्यांच्या वर्णपटाला बहुतेक वेळा चांदण्या रात्री मिळतात. त्या वर्षांची कालनिर्णयं कुणाकडे पडली असतील तर मिळव आणि तेराही तारखांपुढे तिथी लिहून मला पाठव. सगळ्या पौर्णिमेच्या आगेमागे निघाल्या तर हा ठोका ताऱ्याचा की आपल्या चंद्राचा, ते आधी बघावं लागेल.

तुझी,
मॅडम