प्रयोगशाळा नसलेल्या शाळेत डोळ्याचे कोणते प्रयोग करता येतील?

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत आठवीला डोळा शिकवायचाय आणि प्रयोगशाळा नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी निपाणीकडं विज्ञान शिकवतो, आमच्याकडंही तीच गत. माझं ऐकाल तर फळ्यावर आकृती नंतर काढा, सुरुवात अंधबिंदूपासून करा.

वहीच्या कोऱ्या पानावर डावीकडं फुली काढायची आणि तिच्या उजवीकडं ८ सेंटिमीटरवर पेन्सिलीच्या टोपणाएवढा काळा ठिपका. डावा डोळा झाकून उजव्यानं फुलीकडंच बघायचं आणि वही हळूहळू जवळ आणायची. साधारण ३० सेंटिमीटरवर ठिपका गडप! दृष्टिचेता, म्हणजे मेंदूकडं संदेश नेणारी नस, जिथून डोळ्याबाहेर पडते तिथं प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, तोच अंधबिंदू. मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञानं हे १६६० च्या दशकात दाखवून दिलं. खरी मजा पुढं आहे. आता ठिपक्यातून आरपार जाणारी आडवी रेघ मारायला सांगा. ठिपका जातो, पण रेघ तुटलेली दिसत नाही, कारण मेंदू मधली जागा भरून टाकतो. इथं पोरं एकमेकांच्या वह्या ओढायला लागतात, तास संपला तरी उठत नाहीत.

बाहुलीचा प्रयोग जोडीनं करा. आपल्याकडच्या काळ्याभोर डोळ्यांत बाहुली पटकन ओळखू येत नाही, म्हणून खिडकीजवळ, उजेड बाजूनं येईल असं उभं करा. एकानं एक डोळा तळहातानं झाकायचा आणि थोड्या वेळानं हात काढायचा. जोडीदारानं मात्र उघड्या डोळ्याकडं बघत राहायचं. उजेड दुसऱ्या डोळ्यात गेला तरी याचीही बाहुली आकसते. मोबाईलचा टॉर्च नको, आणि लेझर तर वर्गात आणूच देऊ नका.

रंगीत खडूही कामाला येतो. मुलानं समोर बघत राहायचं, मागून कानाजवळून खडू हलवत पुढं आणायचा. काहीतरी हलतंय हे आधी कळतं, रंग बराच उशिरा. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या) मध्यभागी दाटीनं असतात, कडेला विरळ. एखादा मुलगा खडू अगदी समोर धरूनही लाल-हिरव्यात गोंधळला तर वर्गात हसू होऊ देऊ नका, पालकांना बाजूला घेऊन सांगा.

उलटी प्रतिमा दाखवायला बरेच जण कुंद्याच्या (बेळगावी मिठाईच्या) रिकाम्या बॉक्सला टाचणीनं भोक पाडून मागं बटर पेपर लावतात. जमतं, पण प्रतिमा फार अंधूक येते. त्यापेक्षा साधं बहिर्वक्र भिंग घ्या आणि खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धरून पुढं-मागं करा. खिडकी, बाहेरचं झाड, सगळं भिंतीवर उलटं उमटतं, तेही रंगांसकट. एवढं एक मात्र लख्ख उन्हाच्या दिवसासाठी राखून ठेवा, तुमच्याकडच्या पावसात जुलैमध्ये काही दिसायचं नाही. आणि भिंगातून सूर्याकडं कुणी बघणार नाही, हे आधीच बजावा.