नागपूरजवळच्या आमच्या गावातला मालगुजारी वाडा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा वाडा, किती जुना असेल, हे कसं ओळखावं?

आधी इतिहास बघा. भोसल्यांच्या काळात गावचा सारा पाटील गोळा करायचे. 1854 मध्ये राज्य खालसा झालं आणि 1860 च्या दशकातल्या बंदोबस्तात (जमीन-महसुलाच्या आकारणीत) इंग्रजांनी मालगुजारांना, म्हणजे गावचा सारा गोळा करून भरणाऱ्यांना, गावांची मालकीच दिली. ती 1951 मध्ये संपली. त्यामुळे आपल्याकडचे बरेचसे मोठे वाडे या मधल्या काळातले.

आता छपराकडे बघा. कुंभाराचे अर्धगोल कवेलू असतील तर ती जुनी पद्धत. चपटी मंगलोरी कौलं असतील तर ती नंतर बसवलेली, कारण मंगळूरचा पहिला कारखानाच 1865 चा आणि नागपूरला रेल्वे आली 1867 मध्ये. पण फक्त छपरावरून वय ठरवू नका, छप्पर तर सारखं बदलत असते.

सागवानी खांब मात्र सहसा बदलत नाहीत. खाली दगडी तळखडा (खांबाची बैठक), वर कोरीव हस्त (तुळईला आधार देणारा लाकडी तुकडा) आणि सांध्यात लोखंडी खिळ्याऐवजी लाकडी खुंटी आहे का, हाताने चाचपून बघा; असेल तर ते जुनं काम. आमच्या सपरीतल्या (ओसरीतल्या) खांबाला बैल बांधायच्या दोराने खाच पडली आहे, अख्खं बोट बसतं त्यात.

एक कळकळीची विनंती: मातीच्या भिंतींवर सिमेंटचं प्लास्टर करू नका. ओल आतच कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. माती-शेणाचा गिलावा किंवा चुनाच लावा.