साखरेविना सॉल्टेड कॅरॅमल: आधी गोडवा नीट निवडा

ताई, साखरेऐवजी एरिथ्रिटॉल हे गोड द्रव्य घालून केलेला तुमचा कॅरॅमल सॉस गार झाल्यावर रवाळ झाला, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. एरिथ्रिटॉल वितळतं, पण साखरेसारखं करपून तांबूस होत नाही आणि थंड होताच पुन्हा खडे धरतं. अ‍ॅल्युलोज हे साखरेऐवजीचं दुसरं गोड द्रव्य घ्या. ते खरोखर तांबूस होतं, मात्र साखरेपेक्षा लवकर, म्हणून आच मंदच हवी आणि नजर पातेल्यावर. गोडी साखरेच्या साधारण 70 टक्के.

100 ग्रॅम अ‍ॅल्युलोज, 50 ग्रॅम लोणी जाड बुडाच्या पातेल्यात मधाच्या रंगावर आलं की गॅस बंद करून 100 मिली कोमट क्रीम बेताबेतानं ओता. फसफसून वर येईल, पातेलं मोठंच घ्या. मीठ शेवटी, चिमटीचिमटीनं, चाखत. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल हे साखरेऐवजीचं आणखी एक गोड द्रव्य आणूच नका, त्याला ते विषारी आहे.