वीसपर्यंत म्हणते, पण पाच देता येत नाहीत

मे उजाडला की मालवणात माझ्याकडे येणाऱ्या आयांचा प्रश्न बहुधा एकच असतो: जूनमध्ये शाळा आणि पोराला आकडे येत नाहीत. त्यातल्याच एकीची ही गोष्ट, तपशील थोडे बदलून. मुलगी पावणेचार वर्षांची. ठाण्याचा मावसभाऊ तिच्याच वयाचा, तो म्हणे शंभरपर्यंत लिहितो. ही वीसपर्यंत म्हणते, त्यातही चौदा-पंधरा गाळते. "मागे तर नाही ना पडणार?" सोबत आजीही होती, मासळी बाजारात बसणारी.

मी टेबलावर सुपाऱ्या ओतल्या. "मला पाच दे." तिने मूठभर उचलून दिल्या. "मोज बघू." एकेकीवर बोट ठेवत ती आठपर्यंत गेली, एकही सुटली नाही. "मग किती झाल्या?" तर पुन्हा एकपासून सुरू! आईचा चेहरा पडला. मी दोन मागितल्या, दोनच मिळाल्या. तीन मागितल्या, जरा थांबून तीन दिल्या. चार म्हटलं की परत मूठ.

या वयात हे अगदी रास्त आहे. आकड्यांची नावं ओळीने म्हणणं वेगळं, एका वस्तूला एकच आकडा देणं वेगळं, आणि शेवटी आलेला आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे उमगणं त्याहून वेगळं. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची ही तत्त्वं मांडली. पुढे १९९० मध्ये कॅरन विन यांनी 'मला इतके दे' अशा खेळातून दाखवलं की मुलांना आधी 'एक' कळतो, मग 'दोन', मग 'तीन', आणि मध्ये महिनेच्या महिने जातात. साडेतीन-चारच्या सुमारास कधीतरी गाडी सुटते आणि मग पाच काय, आठ काय, मूल मोजून देतं. ही मुलगी त्याच उंबरठ्यावर होती.

आजीला एवढं ऐकायची गरजच नव्हती. "तिका येणा नाय असा कोण म्हणता? बांगड्यांचे वाटे माझ्या वांगडा तीच लावता!"

मासळीचे वाटे ती आजीसोबत कसे लावते, ते मी खोदून विचारलं. प्रत्येक वाट्यावर एकेक बांगडा, सगळे झाले की दुसरा फेरा. एखादा वाटा कमी दिसला तर ती आजीचा हात धरते. सारखी वाटणी, कमी-जास्त, एकास एक: शाळेतला भागाकार इथूनच सुरू होतो. आई म्हणाली, "तो काय अभ्यास झाला?" ही आपल्याकडची जुनीच खोड, वही उघडली तरच अभ्यास. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये याच किनाऱ्यावर बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा गावात मिळणाऱ्या वस्तूच शिकवण्याचं साहित्य झाल्या.

आईला मी एकच बदल सुचवला. मोजून झालं की थांबायचं नाही, एकूण किती तेही बोलायचं: "एक, दोन, तीन, चार. चार बांगडे." मग, "अजून एक ठेवला तर?" पानं घेताना किती माणसं, तितकी ताटं तिलाच आणू देत. चुकली तर ओरडायचं नाही. एक माणूस ताटाविना राहिला की तिचं तिलाच दिसतं. आकडे गिरवणं थांबलं तरी चालेल, बोटांत तेवढी ताकद यायची आहे. आणि मावसभाऊ गणपतीला आला की त्याच्याकडेही पाच सुपाऱ्या मागून बघा, असं मी हसत म्हटलं. शंभर लिहिणाऱ्याला त्या देता येतीलच असं नाही.

पाच वर्षं झाल्यावरही दोन-तीन वस्तू मोजून देता येत नसतील, किंवा साधं सांगणंही मुलाला कळत नसेल, तर मात्र थांबू नका. आधी कान तपासून घ्या. कमी ऐकू येणारं मूल कित्येकदा 'ढ' ठरवलं जातं, आणि आकड्यांची शिकवणी लावून ते सुधारत नाही.