हंबकर पिकअप: एकसर जोडणी की समांतर?

प्रश्न: माझ्या इलेक्ट्रिक गिटारला ब्रिजजवळ, चार जोडतारा बाहेर आलेला हंबकर पिकअप (गिटारच्या तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) आहे. त्याच्या दोन कॉइल (तारेची वेटोळी) समांतर जोडल्या तर आवाज स्ट्रॅटोकास्टर गिटारसारखा मोकळा होतो, असे एक मित्र म्हणतो; दुरुस्ती करणारे म्हणतात, की त्याने नुसता आवाज कमी होतो. खरे काय? त्यापेक्षा एक कॉइल बंद करणे बरे का?

उत्तर: दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण मुख्य फरक दोघांनीही सांगितलेला नाही. हंबकरमध्ये दोन कॉइल शेजारी शेजारी असतात आणि त्यांचे वेढे व चुंबकीय ध्रुव एकमेकांच्या उलट ठेवलेले असतात. त्यामुळे गिटारच्या तारेच्या कंपनातून आलेला संकेत एकमेकांत मिळतो, तर विजेच्या तारांमधून शिरणारी घरघर एकमेकीला छेदून जाते. सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीत असताना 1955 मध्ये ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यात या कॉइल एकसर जोडलेल्या होत्या आणि आजही बहुतेक हंबकर तसेच येतात.

एकसर जोडणीत दोन्ही कॉइलचे व्होल्टेज एकत्र होते. समांतर जोडणीत ते साधारण एकाच कॉइलइतके, म्हणजे निम्मे राहते. आवाज कमी होतो तो एवढ्यामुळे, आणि अ‍ॅम्प्लिफायरची कळ थोडी पुढे सरकवली की तो भरून निघतो. स्वर बदलतो तो मात्र इंडक्टन्समुळे, म्हणजे बदलत्या प्रवाहाला कॉइल करते त्या विरोधामुळे. प्रत्येक कॉइलचा इंडक्टन्स 2.2 हेन्री धरला आणि दोन कॉइलचा एकमेकींवरील परिणाम बाजूला ठेवला, तर एकसर जोडणीत तो 4.4 आणि समांतर जोडणीत 1.1 हेन्री होतो. पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एका ठरावीक वारंवारतेला उठाव देतात व तिच्या वरचे स्वर झपाट्याने कापतात. पाच मीटर केबलची धारिता सुमारे 500 पिकोफॅरड धरली, तर हा उठाव एकसर जोडणीत 3400 हर्ट्झच्या आसपास येतो आणि समांतर जोडणीत बरोबर दुप्पट, 6800 हर्ट्झच्या आसपास जातो.

आपला कान 3000 ते 4000 हर्ट्झच्या पट्ट्यात फार तीक्ष्ण असतो, म्हणून एकसर जोडलेला हंबकर पुढे येऊन बोलतो आणि ओव्हरड्राइव्हमध्ये भरदार लागतो. समांतर जोडणीतला उठाव मात्र गिटार अ‍ॅम्प्लिफायरच्या बारा इंची स्पीकरच्या आवाक्यापलीकडे जातो, कारण असे स्पीकर 5000 हर्ट्झच्या पुढे फारसे काही ऐकवत नाहीत. म्हणजे समांतर जोडणीत आपल्याला जे जाणवते ते मधला उंचवटा नाहीसा झाल्याने आलेले सपाट, स्वच्छ मोकळेपण असते. स्ट्रॅटोकास्टरच्या स्विचच्या ज्या जागांवर दोन पिकअप एकत्र वाजतात, तिथेही जोडणी समांतरच असते, पण तिथे पिकअप एकमेकांपासून दूर, तारेच्या अगदी वेगळ्या बिंदूंवर असल्याने त्या आवाजाची नक्कल हंबकरमधून पूर्णपणे साधत नाही. (1954 च्या मूळ गिटारला तीनच जागांचा स्विच होता; वादक तो मध्येच अडकवून हा आवाज काढत आणि पाच जागांचा स्विच 1977 मध्ये आला.)

एक कॉइल बंद केली, तर वरच्या हिशेबात उठाव 4800 हर्ट्झच्या आसपास येतो आणि आवाजाला सिंगल कॉइलची टोकदार धार मिळते, पण घरघर परत येते. समांतर जोडणीत ती येत नाही. म्हणून स्वच्छ आवाजासाठी आधी समांतर जोडणी करून पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. केबल दहा मीटरची असेल तर हे आणखी पटते, कारण मग एकसर जोडणीचा उठाव 2400 हर्ट्झपर्यंत उतरतो आणि आवाज बोजड होऊ लागतो.

त्यासाठी दोन पोलचा, दोन दिशांचा छोटा स्विच किंवा पुश-पुल पॉट (ओढून-दाबून स्विचसारखा चालणारा नॉब) पुरतो. तारांचे रंग कंपनीनुसार बदलतात, हे मात्र विसरू नये. सिमोर डंकन कंपनीच्या पिकअपमध्ये काळी तार संकेताची, हिरवी अर्थची आणि लाल-पांढरी एकमेकींना जोडलेली असते. समांतर जोडणीत काळी-लाल एका बाजूला आणि हिरवी-पांढरी दुसऱ्या बाजूला जाते. दिमार्झिओ कंपनीच्या पिकअपमध्ये लाल तार संकेताची, हिरवी अर्थची आणि काळी-पांढरी जोडीची असते. सोल्डरिंग झाल्यावर व्हॉल्यूम पूर्ण उघडून जॅकवर मल्टिमीटर लावावा. चार-चार किलोओहमच्या कॉइल असतील तर एकसर जोडणीत सुमारे आठ आणि समांतर जोडणीत सुमारे दोन किलोओहम दिसले पाहिजेत. आकडा बरोबर असूनही खर्ज गायब होऊन आवाज नाकातला येत असेल, तर एका कॉइलच्या तारा उलट लागल्या आहेत. हा बारीक आवाज म्हणजेच समांतर जोडणी, असा समज बऱ्याच जणांचा होतो. तो चुकीचा आहे.

प्रश्न: टेलिकास्टर गिटारचे दोन्ही पिकअप एकसर जोडता येतात का?

उत्तर: येतात, आणि चार जागांच्या स्विचने नेहमीच्या तीनही जागा शाबूत राहतात. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी वडिलांसह 1963 पासून घरी घडवलेल्या गिटारमध्ये तिन्ही पिकअप एकसरच आहेत. टेलिकास्टरमध्ये मात्र एक काम आधी करावे लागते. मानेजवळच्या पिकअपचे धातूचे आवरण कॉइलच्या अर्थच्या टोकाला जोडलेले असते. एकसर जोडणीत ते टोक अर्थवर राहत नाही, त्यामुळे आवरणाला बोट लागताच घरघर होते. आवरणाला जोडणारी ती छोटी तार कापून आवरणासाठी वेगळी तार थेट अर्थवर न्यावी.